तूरडाळीचा आरोप

आमच्या कुकर-मंडळाचे किस्से सांगायला बसले की आमचे हे हळूच पंखा वाढवतात आणि दुसऱ्या खोलीत जातात. त्यांना पाठ झालेत! पण मी काय करू? डोंबिवलीत टायपिंगचा क्लास चालवत होते, त्यामुळे नव्वदच्या सुमारास कुकर फुटलेल्या, आमच्यासकट सतरा घरांच्या फिर्यादी माझ्याच मशीनवर टाईप झाल्या. किस्से आपोआप साचत गेले, कार्बन कॉपीसकट.

सतराही घरांत एकाच कंपनीचा कुकर. कंपनीचं नाव घेत नाही. घेतलं तर नोटीस येईल, आणि तिचं उत्तरही मलाच टाईप करावं लागेल.

सतरांतल्या एक हिराबाई. कोपरच्या खाडीकडच्या, मासे विकायच्या. त्यांच्या मुलीचा, नंदाचा, हात आणि मान भाजलेली. कंपनीचं उत्तर आलं ते इंग्रजीत. आठवीतल्या नंदानेच डिक्शनरी घेऊन ते लावलं आणि आईला सांगितलं, "आये, तुजी चूक झाली, असा लिवलाय."

हिराबाई तो कागद घेऊन माझ्याकडे आल्या. म्हणाल्या, "बाई, मना दुसरा काय नको. माजी चूक नाय, असा मराठीत लिवून आना. पोर वाचंल." एवढंच! आणि त्या एवढ्याशा वाक्यासाठी आम्ही चार वर्षं ठाण्याच्या ग्राहक मंचात खेपा घातल्या.

*

कंपनीचे वकील फोर्टहून यायचे. टाय लावून, मे महिन्यातसुद्धा. माणूस मोठा हुशार. सतरा फिर्यादींना त्यांनी एकच उत्तर दिलं, फक्त वरचं नाव बदलून : "फिर्यादीने कुकरमध्ये तूरडाळ प्रमाणाबाहेर भरली."

आमच्या जोशीकाकूंचा कुकर फुटला तो आषाढी एकादशीला, बटाटे उकडताना. त्या तिथेच ताडकन उभ्या राहिल्या. "एकादशीला माझ्या घरात तूरडाळ? अहो, कुकर फुटला ते मी सोसलं, पण हे ऐकून घेणार नाही!"

वकिलांनी मान झुकवून दुरुस्ती मागितली. पुढच्या तारखेला नवं उत्तर आलं : "फिर्यादीने बटाटे प्रमाणाबाहेर भरले." जोशीकाकूंचं समाधान झालं, म्हणजे बघा!

*

सुरुवातीला आम्ही सगळ्यांनी मिळून एकच फिर्याद केलेली. कंपनीचे वकील म्हणाले, "छे! प्रत्येक स्वयंपाकघर वेगळं, प्रत्येक बाईचा हात वेगळा. वेगवेगळ्या करा." बरं बाबा. पुन्हा सतरा वेळा टाईप केलं. बोटं सुजली माझी.

तर हेच गृहस्थ उठून म्हणतात, "विषय एकच आहे, सगळ्या एकत्र ऐका. आणि सगळे हजर असल्याशिवाय ऐकू नका!" आता सतरा घरांत कुणाला ताप, कुणाकडे पाहुणे, दिवा स्टेशनजवळच्या सावंतांकडे तर पाण्याचा टँकर आला की ते हलायचेच नाहीत. एक जण कमी पडला, की लगेच पुढची तारीख.

सतरांतलेच आमचे लेलेकाका बाहेर येऊन म्हणाले, "लग्नं सतरा वेगळी लावा म्हणतात, मुहूर्त मात्र एकच, आणि शेवटचा वऱ्हाडी येईपर्यंत अंतरपाट धरून उभे राहा!"

*

मध्येच वकिलांनी तज्ज्ञ आणले. फुटलेला कुकर अर्धा तास उलटापालटा करून त्यांनी अहवाल दिला : कुकरमध्ये दोष नाही, शेगडी अवाजवी गरम होती.

शेगडी गरम होती! आम्ही गरिबांनी थंड शेगडी कुठून आणायची, ते मात्र अहवालात नव्हतं.

*

तिसऱ्या वर्षी तर कमालच केली. वकिलांनी सांगितलं, तुमचे कुकर ज्या कंपनीने केले ती वेगळी, आता करते ती वेगळी. नव्या कंपनीकडे कारखाना, नाव आणि गिऱ्हाईक. जुनीकडे फक्त जबाबदारी. भांडायचं तर जुनीशी भांडा.

मी आणि लेलेकाका जुन्या कंपनीचा पत्ता शोधत कल्याणला गेलो. एका गोदामामागे खोली, खोलीत एक खुर्ची, खुर्चीत वॉचमन.

"कंपनी इथेच का?" काकांनी विचारलं.

"इथेच की," म्हणत वॉचमन अदबीने उठला आणि खुर्ची दाखवत म्हणाला, "ही बघा."

मंचाने नव्या कंपनीलाही उभं केलं म्हणून बरं, नाहीतर आम्हाला खुर्चीवर फिर्याद लावावी लागली असती.

*

शेवटी वकिलांनी एक रजिस्टर काढलं. आमचे कुकर फुटायच्या आदल्या वर्षी कंपनीने म्हणे डोंबिवलीत एका हॉलवर संक्रांतीचं हळदीकुंकू केलेलं, आणि त्यात कुकर कसा वापरायचा ते शिकवलेलं. आमच्यातल्या तिघीचौघी खरंच गेल्या होत्या. वाण म्हणून चमचा मिळाला, चमच्यासाठी सही केली. आता त्या सह्यांच्या डोक्यावर छापलेलं : "प्रशिक्षण मिळाले, सर्व सूचना समजल्या." आणि खाली सतराच्या सतरा घरच्या बायकांच्या सह्या!

मी ओरडले, "मी गेलेलेच नाही!" जोशीकाकू ओरडल्या. वकील शांतपणे म्हणाले, "आता सगळ्या असंच म्हणणार."

मंचाचे अध्यक्ष पानं उलटत राहिले. हे रजिस्टर मानलं गेलं की संपलं सगळं. सगळ्या सूचना समजूनही कुकर फुटला म्हणजे चूक बाईचीच, हे आता मंचाच्या शिक्क्यानिशी नंदाला वाचायला मिळणार होतं.

तेवढ्यात हिराबाई उठल्या. चार वर्षांत त्या तिथे एक शब्द बोलल्या नव्हत्या.

"माजा पन नाव हाय त्यात?"

"आहे ना!" वकील खुशीत आले. पानावर बोट ठेवून अध्यक्षांना दाखवत म्हणाले, "ही बघा सही. बाई हळदीकुंकवाला आल्या, कुंकू लावून घेतलं, वाण घेतलं, सगळं ऐकलं."

हिराबाईंनी डोक्यावरचा पदर नीट केला.

"सायब, माजा घरवाला जाऊन सात वर्सं झाली. तवापासून सख्ख्या भावजयीनं पन मना हलदीकुकवाला बोलवला नाय. या कंपनीनं बोलवला, कुकू लावला, आनि मनाच ठावं नाय!"