बाबांचं अळू

गाझियाबादच्या आमच्या घरामागे बाबांनी अळू लावलं होतं, एवढं सांगितलं तरी दिल्लीतल्या मराठी माणसाच्या तोंडाला पाणी सुटायचं. इथल्या मंडईतली अरबीची पानं घशाला खाजतात. बाबांचं अळू खाजत नसे. केंद्र सरकारच्या नोकरीत बदली झाली तेव्हा ते कोकणातून कंद घेऊन आले होते. काळे देठ, सुपाएवढी पानं. गौरी-गणपतीत दिल्लीभरातून फोन यायचे आणि बाबांची छाती फुगायची.

आमच्या गावाकडे अळू मोरीच्या पाण्यावर वाढतं. सांडपाणी तिकडे वळवून दिलं की बास. बाबांनी इथेही तेच केलं. फक्त मोरीचं पाणी पुरेना, म्हणून मागच्या भिंतीला भोक पाडून त्यांनी नाल्याचं पाणी आत घेतलं. नाल्याच्या वरच्या अंगाला नळांना, बिजागऱ्यांना चकाकी देणारे प्लेटिंगचे कारखाने आहेत. पाणी कधी हिरवट, कधी पिवळं. अळू मात्र झकास!

मग बाबांचे पाय सुजायला लागले आणि किडनी बिघडल्याचं सांगणारं रक्तातलं क्रिएटिनिन चढत गेलं. डॉक्टरांनी आधी विचारलं, "अंकल को शुगर तो है नहीं. आप लोग रहते कहाँ हो?" कारखान्यांच्या पाण्यातलं कॅडमियम पालेभाजीत उतरतं, तिथून किडनीत साठत जातं, हे त्यांनी समजावलं. वर हेही म्हणाले, "लेकिन पक्का कोई नहीं कह सकता."

मी माती आणि पानं तपासून घेतली. दोन्हींत कॅडमियम निघालं, शिसंही. तो रिपोर्ट घेऊन मी गुरुग्रामच्या ऑफिसातून सुट्ट्या टाकून सरकारी कचेऱ्यांचे उंबरे झिजवले. एकाने सांगितलं, नाला आमच्याकडे येत नाही. दुसऱ्याने सांगितलं, कारखाने आमच्याकडे येत नाहीत. तिसऱ्याने चष्मा काढून विचारलं, "नाले का पानी लेने की परमिशन थी आपके पास?" माझं डोकंच फिरलं. विष सोडायला परवानगी लागत नाही, ते अळवाला घालायला लागते!

घरी वेगळंच. "इतकी वर्षं खातोय. तुझ्या आईला झालं का काही?" बाबांचा सवाल. आईचीही तपासणी करू म्हटलं तर ती उखडली, "मला कशाला मध्ये ओढता?" मी भिंतीचं भोक सिमेंटने बुजवून गुरुग्रामला परतले. पुढच्या आठवड्यात आले तर बाबांनी सळईने ते पुन्हा उघडलेलं.

"पानं काप हवी तर," ते म्हणाले, "पण कंद राहू दे. गावचा आहे तो."

डायलिसिस सुरू झालं तेव्हाही ते हेच म्हणत होते. मला त्यांचा इतका राग यायचा की गाडीत त्यांच्याशी बोलावंसं वाटत नसे. आणि डायलिसिसच्या वॉर्डात शेजारच्या खाटांवर नाल्याकाठच्या वस्तीतली माणसं दिसायची. त्यांनी अळू कधी चाखलंही नव्हतं. त्यांच्या दारात नाल्याचंच मुरलेलं पाणी उपसणारा हातपंप होता, एवढंच. मग बाबांवरचा राग कुठे न्यावा ते कळेनासं व्हायचं.

गौरींच्या आधी मराठी मंडळातल्या एक काकू पिशवी घेऊन आल्या. बाबा मागच्या दारात खुर्ची टाकून बसले होते.

"भाऊजी, सुनेला डोहाळे लागलेत. अळूवडीच हवी म्हणते. बाजारची नको, तुमच्याकडचीच."

मी तोंड उघडणार, तेवढ्यात बाबा म्हणाले, "नाही देणार, वहिनी."

"अहो, चारच पानं द्या. बिल्कुल कोवळी बघून."

"एकही नाही." बाबांनी डायलिसिसचा हात पुढे केला. सुयांनी तो काळानिळा पडला होता. "ह्या पाण्याने माझी किडनी गेली. पोरीला इथलं काही देऊ नका."

हे वाक्य मी दीड वर्ष त्यांच्या तोंडून ऐकायला धडपडत होते. ऐकल्यावर मला रडू फुटलं. काकू रिकाम्या पिशवीची घडी करत राहिल्या.

बाबा भिंतीच्या भोकाकडे बघत होते. पाणी आत येतच होतं, त्या दिवशी हिरवट.

"फावडं आण," ते मला म्हणाले. "आणि कंद नीट शोधून काढ. एकही राहू देऊ नकोस."