संस्कारी राक्षस

आमच्या फॅन ग्रुपवर माझ्या वडिलांना सगळे 'संस्कारी राक्षस' म्हणतात. ते माझे वडील आहेत हे मात्र परवापरवापर्यंत तिथे एकालाही माहीत नव्हतं.

ग्रुप आहे एका जुन्या पौराणिक मालिकेचा. तिच्या एका भागात राक्षसांचं सैन्य होड्यांत बसून लढाईला निघतं. ते शूटिंग ठाण्याच्या खाडीत झालेलं. होड्या आमच्या कोळीवाड्यातल्या, राक्षसही आमचेच. बाबांना पुठ्ठ्याची शिंगं लावली, तोंडाला काळं फासलं आणि ओरडत होडीत उडी मारायला सांगितलं. बाबांनी उडी मारली, पण आधी वाकून होडीच्या पुढच्या टोकाला हात लावला आणि तो कपाळाला नेला. आमच्यात पाया पडल्याशिवाय कुणी होडीत पाय ठेवत नाही, आणि ती होडी तर त्यांची स्वतःची होती. शूटिंगवेळी कुणाच्या लक्षात आलं नाही, तसंच टीव्हीवर गेलं.

मी शाळेत असतानाच बाबा गेले. कोपरीच्या घरात भिंतीवर त्यांचा एक फोटो आहे, तोही ओळखपत्रावरून मोठा केलेला. हलणारे, वाकणारे बाबा म्हणाल तर तेवढा तो राक्षस. मी ठाकुर्लीहून रविवारी आईकडे जाते आणि मोबाइलवर तो तुकडा लावून देते. ती बघते, मग चहा टाकायला उठते.

आणि बातमी आली की मालिका नव्या इफेक्टसकट परत येणार. ग्रुपवर जुंपली. तरुण मंडळींचं म्हणणं, दोऱ्याला लटकलेले बाण अजून किती वर्षं सहन करायचे? जुन्यांनी बजावलं, हात लावाल तर याद राखा. दोन्हीकडचे इतके पेटलेले की जणू मालिका त्यांच्याच घरात शूट झालेली. मला एरवी अशा भांडणांत मजा येते. पण एकाने लिहिलं, 'अख्खं सैन्य कॉम्प्युटरवर करणारेत, संस्कारी राक्षसाला नारळ,' आणि खाली हसरे चेहरे टाकले. आईला काय दाखवायचं मग? जुना तुकडा मोबाइलमध्ये होता, पण मोबाइलचा काय भरवसा, आणि नेटवरचे जुने भाग काढून टाकणार अशीही आवई होतीच.

दोन ओळी लिहायला मला अख्खी संध्याकाळ लागली. 'तो राक्षस माझा बाप आहे. त्याला काढू नका, माझी आई अजून बघते.'

मग हसरे चेहरे टाकणाऱ्यानेच पुढाकार घेतला, सगळ्यांनी मालिकावाल्यांना लिहून लिहून भंडावलं. शेवटी उत्तर आलं, चाहत्यांच्या आग्रहाखातर पाया पडणारा राक्षस राहील. मी धावत आईकडे गेले. तिने एवढंच विचारलं, "त्यांचं तोंड नीट दिसंल ना आता?"

मी दिसेल म्हणाले. मला काय माहीत होतं? पण म्हणून बसले, आणि तेव्हापासून घास गोड लागेना. ते काळं पुसतील का, दुसऱ्याचंच तोंड बसवतील का, नाही नाही ते डोक्यात येई.

तो भाग आला त्या दिवशी आई चष्मा पुसून टीव्हीसमोर बसली. खाडी गेलेली, तिथे निळाशार समुद्र. सोन्याच्या टोकांची जहाजं. एक राक्षस वाकला, जहाजाला हात लावून त्याने तो कपाळाला नेला. मी श्वास सोडला. मग त्याच्या शेजारचा वाकला. मग त्याच्या पलीकडचा. नजर पोचेल तिथपर्यंत राक्षस वाकत होते, सगळे बाबांसारखेच, तोच हात, तीच मान. मालिकावाल्यांना बाबांचं वाकणं इतकं आवडलं होतं की त्यांनी ते सगळ्यांना वाटून टाकलं होतं. माझा फोन वाजत होता. ग्रुपवर 'जिंकलो' चाललं होतं.

आई उठून टीव्हीच्या अगदी जवळ गेली.

"यातला आपला कंचा गो?"

मला रडू येत होतं. समोरच्या एकावर मी बोट ठेवलं.

तिने त्याच्याकडे नीट पाहिलं. "नाय. तो नाय."

तोवर जहाजं पुढे निघून गेली होती. आईने रिमोट माझ्या हातात दिला.

"मागं घे," ती म्हणाली. "एकेक बघू."