आधी फरशीवरून उतरून दाखवा

जोडा घेताना तुम्ही भरवसा कोणावर ठेवता? डब्यावरच्या नंबरावर, मेव्हण्याच्या सल्ल्यावर, की माझ्यासारख्या दुकानदारावर, ज्याला जोडा विकायचाच आहे? माझं ऐकाल तर कोणावरच नका ठेवू. माझ्या दुकानाच्या दारात एक फरशी आहे, तिच्यावर ठेवा.

दुकान रायपूरच्या गुढियारीत. आधी हमालांचे गमबूट आणि रेल्वेवाल्यांचे सेफ्टी शूज विकायचो. रायपूर राजधानी झालं, ऑफिसं नव्या रायपुरात गेली, आणि तिथली मंडळी सकाळी रिकाम्या रस्त्यांवर पळू लागली. मग रस्ता पुरेना. मुरमाच्या टेकड्या, बंद खदानी, धानाचे बांध, सगळीकडे पळू लागली. तेव्हापासून मी ट्रेलचे, म्हणजे कच्च्या वाटेवर पळायचे, जोडे ठेवतो. जोडे विकले जातात, किस्से मात्र दुकानातच साचत जातात.

आता फरशीचं. बाकी दुकानांत नवा जोडा मळू नये म्हणून पायाखाली कागद अंथरतात. मी खदानीतली खडबडीत फरशी तिरपी लावून ठेवली आहे. तिच्यावर मगभर पाणी ओततो आणि म्हणतो, "उतरून दाखवा." चढून नाही, उतरून. चढताना कोणताही जोडा चांगलाच वाटतो. उतरताना बोट पुढं सरकून टोकाला भिडलं, की समजा तो जोडा डोंगरात नख खाणार.

*

बँकेतले एक साहेब सकाळी शटर उघडताच हजर. "आठ नंबर द्या."

"संध्याकाळी या."

"काहून? दुकान बंद आहे का?"

"दुकान चालू आहे, साहेब. तुमचा पाय अजून उठला नाही. दिवसभरात तो थोडा फुगतो, पळतानाही फुगतो. त्या पायाचं माप घेऊ."

रागानं गेले, पण संध्याकाळी आले. नऊ नंबर बसला. तिथूनच बायकोला फोन लावला, "अगं, माझा पाय वाढला."

पलीकडचा आवाज मलाही ऐकू आला. "पायच वाढला ना? अक्कलही मोजून घ्या म्हणा."

*

देशमुख सर कॉलेजात शिकवतात. त्यांना तळाचे दात सगळ्यात खोल असलेला जोडा हवा होता. मी म्हटलं, "सर, दात खोल चालतील, पण एकमेकांपासून लांब पाहिजेत. हे जवळजवळ आहेत. चिखल झडणार नाही, मुक्काम करून राहील."

सरांनी तोच घेतला. पावसात अभनपूरकडच्या काळ्या मातीत पळून आले आणि तसेच दुकानात शिरले. एकेक जोडा उशीएवढा झालेला.

"भाऊ, अर्धा एकर घेऊन आलो."

म्हटलं, "आणलं ते चांगलं केलं. रजिस्ट्री कोणाच्या नावानं करता?"

*

एकदा बायकोनं विचारलं, "लोकांले इतकं सांगता, स्वतः कधी पळले काय?" गेलो मग ग्रुपबरोबर खदानीत. सगळ्यात चांगली पकड असलेला जोडा घातला. उतारावर दोन पावलं टाकली आणि बसल्या बसल्या थेट खाली.

ग्रुप धावत आला. वर बघतो तर उजवा जोडा जागच्या जागी, ओल्या दगडाला घट्ट धरून उभा. नाडी बांधायची राहिली होती.

तरी मी अभिमानानं सांगतो, माझा जोडा घसरला नाही.

*

आता स्नेहलचं. नव्या रायपुरात सरकारी ऑफिसात आहे. मराठी सगळी समजते, उत्तर हिंदीत देते. मागच्या साली मैकलच्या डोंगरातल्या शर्यतीसाठी माझ्याकडून जोडा घेऊन गेली. फरशीवर पास झालेला जोडा. पण घरी नेऊन तिनं काय केलं? डबा कपाटात ठेवला. आपल्याकडे नवी वस्तू त्या दिवशीच अंगाला लावतात ना, दिवाळीच्या ड्रेससारखी. शर्यतीच्या सकाळी जोडा पहिल्यांदा पायात घातला. अर्ध्या उतारावर बसली. दोन नखं काळी झाली आणि परत आली ती जीपमधून.

दुसऱ्या दिवशी तिची आई तिला घेऊन दुकानात. शाळेत गणित शिकवून रिटायर झालेल्या मंदाताई.

"भाऊ, जोडा तुमचा, पोट्टी माझी. अजून एक डाव जाऊ देईन तिले. पुन्हा नखं काळी झाली तर पळणं बंद."

स्नेहल मान खाली घालून म्हणाली, "हाँ, मम्मी."

यंदा नवा जोडा दिला तेव्हा मी डबा ठेवून घेतला. "जोडा पायात घालूनच घरी जा." पोरीनं तो भाजीबाजारात घातला, खदानीत घातला, शेजारच्या हळदीकुंकवाला साडीवर घातला. तिथं दारात तिच्या मळक्या जोड्यापासून बाकीच्या चपला लांब सरकवल्या होत्या म्हणे.

शर्यतीच्या दुसऱ्या दिवशी संध्याकाळी मायलेकी आल्या. स्नेहलच्या गळ्यात मेडल. बँकेचे साहेब मोजे घ्यायला आले होते, त्यांनी टाळ्या वाजवल्या. माझी छाती काउंटरपर्यंत आली.

मंदाताई म्हणाल्या, "मेडल राहू दे. सँडल काढ."

दहाही नखांवर लालभडक पॉलिश.

ताईंनी माझ्याकडे पाहिलं. मी फरशीकडे पाहिलं.

"हे कधी लावलं?"

"गाड़ी में, मम्मी."

ताईंनी पर्समधून कापूस आणि रिमूव्हरची बाटली काढली. घरूनच आणली होती. स्टुलावर बसल्या, लेकीचा पाय मांडीवर घेतला आणि एकेक नख पुसू लागल्या. उजवा पाय सगळा गुलाबी. डाव्याचा अंगठा गुलाबी. त्याच्या शेजारचं बोट काळं.



"मम्मी, पूरा किया मैंने. एक बार भी नहीं बैठी."

ताईंनी उरलेली तीनही नखं पुसली. बाटलीचं झाकण लावलं. लेकीचा पाय अलगद खाली ठेवला आणि माझ्याकडे वळल्या.

"भाऊ, हिशेब खरा ठेवा. मागच्या साली दोन, यंदा एक. पुढच्या साली मोजायले मीच येईन."