पेशंटच्या पाठीवर हळदकुंकू

टेबलावरच्या कासवाच्या पाठीवर हळदकुंकू होतं. माझे बॉस डॉ. मिलर ते भिंगातून पाहत होते.

"असलं पिवळं फंगस मी कधी पाहिलं नाही," ते म्हणाले.

"फंगस नाही, हळद आहे. आम्ही रोज भाजीत घालतो."

"मग ती कासवावर का?"

कासव घेऊन आलेल्या सिंधूकाकूंना इंग्रजी जेमतेम येत होतं, पण एवढं कळलं. "त्यांना सांग, आमच्याकडे देवाच्या आधी कासवाला नमस्कार करतात."

मी सांगितलं. मिलरनी भिंग खिशात ठेवलं आणि पेशंट माझ्याकडे दिला.

ही ऐंशीच्या दशकातली, कॅलिफोर्नियातल्या फ्रीमाँटच्या एका छोट्या क्लिनिकमधली गोष्ट. मी मुंबईत गाईम्हशींवर शिकून आलेली व्हेट, इथे कुत्र्यामांजरांवर नोकरी करत होते. कासव क्वचितच यायचं.

काकूंचा मुलगा अजित इंजिनियर. त्याने घर घेतलं तेव्हा गॅरेजमध्ये हे कासव सापडलं. आधीचे लोक त्याला एका खोक्यात सोडून गेले होते. शेजारी कुत्र्याच्या खाण्याची वाटी. किती महिने ते तिथे अंधारात होतं, कोणालाच माहीत नव्हतं. काकू त्याच सुमारास साताऱ्याहून आल्या. मुलगा-सून सकाळी सातला बाहेर पडत. काकूंनी कासव ताब्यात घेतलं.

मी कवचावर अंगठा दाबला. ते उकडलेल्या अंड्यासारखं दबलं.

कासवाचं कवच म्हणजे हाडच. त्याला कॅल्शियम लागतं आणि ते हाडापर्यंत पोचायला डी व्हिटॅमिन. ते कासवाच्या कातडीत उन्हामुळे तयार होतं. यातलं काही कमी पडलं की कवच मऊ पडतं, मग पाय जातात, मग कासव.

"खायला काय घालता, काकू?"

"दूध-पोळी. एकादशीला साबुदाणा."

"कासवाला उपास?"

"घरात सगळ्यांना असतो."

"अजितलासुद्धा?"

"तो ऑफिसात काय गिळतो ते बघायला जाते का मी?"

"आणि ऊन?"

"रोज सकाळी तीन तास उन्हात असतं. घड्याळ लावून."

मी फाइलमध्ये लिहिलं: सूर्यप्रकाश भरपूर. दूध-पोळी बंद केली, गवत आणि जास्वंदीची पानं सांगितली, काकू कवचाला रोज खोबरेल चोळत ते थांबवलं, कॅल्शियमचं इंजेक्शन दिलं. दर आठवड्याला एक इंजेक्शन ठरलं.

तीन आठवड्यांनी वजन आणखी घटलं होतं. मागचे पाय ते ओढत चालत होतं. पानाला तोंड लावत नव्हतं.

"किडनी गेली असणार," मिलर म्हणाले. "शुक्रवारी झोपवू." आमच्या धंद्यात झोपवणं म्हणजे शेवटचं इंजेक्शन.

मी अजितला फोन केला. तो म्हणाला, "मला ओके आहे, ताई. उगाच हाल होतायत यार त्याचे. फक्त आईला तुम्ही सांगा. ती दिवसभर त्याच्याशीच बोलते."

गुरुवारी काम सुटल्यावर मी काकूंना सांगायला त्यांच्या घरी जाणार होते, पण सकाळची एक सर्जरी कॅन्सल झाली म्हणून नऊलाच गेले. दिवाणखान्यात पूर्वेच्या खिडकीशी देवघर मांडलेलं होतं. देवासमोर पाट, पाटावर कासव. त्याच्या अंगावर लख्ख ऊन. खिडकी बंद.

"काकू, हे रोज इथेच असतं?"

"मग? उन्हातच आहे ना! हात लावून बघ."

लावला. पाठ चांगली तापलेली होती. पण उन्हातल्या ज्या किरणांनी डी व्हिटॅमिन तयार होतं, ते काचेतून आत येत नाहीत. ऊब येते, उजेड येतो, औषध बाहेरच राहतं. गॅरेजमधून निघाल्यापासून या कासवाला खऱ्या अर्थाने ऊन मिळालंच नव्हतं, आणि माझी इंजेक्शनं वाया जात होती.

"बाहेर अंगणात का नाही ठेवत?"

"बाहेर? सून म्हणते इथे रॅकून येतात, रानमांजरासारखे. आणि देवासमोरून उचलून चिखलात टाकू?"

"देवासमोर ठेवलंत तर महिन्याभरात मरेल."

काकूंनी माझ्याकडे पाहिलं, मग खिडकीकडे. पाटासकट कासव उचललं आणि म्हणाल्या, "दार उघड."

शुक्रवारी मी मिलरना म्हटलं, आजचं कॅन्सल करा.

त्यांनी फाइल उघडली. "इथे 'भरपूर' लिहिलंय. अक्षर तुझं आहे."

"चूकही माझी आहे. मी ऊन आहे का विचारलं, कुठे ते नाही."

"चार आठवडे. त्यानंतर मी ऐकणार नाही."

अजितने शनिवारी अंगणात जाळीचा पिंजरा ठोकला; एका बाजूला सावली ठेवली. काकू शेजारी खुर्ची टाकून स्वेटर घालून बसू लागल्या. रॅकून रात्री फिरतात हे मी सांगूनही हातात लाटणं असे. तिसऱ्या आठवड्यात अजितचा क्लिनिकवर फोन आला. "ताई, त्याने आईची जास्वंद खाल्ली. अख्खी कुंडी. ती रागावलीय आणि रडतेय पण." चौथ्या आठवड्यात वजन वाढलेलं होतं. मिलरनी काटा दोनदा तपासला.

कवच टणक व्हायला वर्ष गेलं. कडा थोड्या वाकड्याच राहिल्या. त्या राहणारच होत्या.

त्यानंतर मी कोणत्याही पेशंटच्या माणसाला 'ऊन मिळतं का' असं विचारलं नाही. जनावर कुठे बसतं आणि त्याच्या नि सूर्याच्या मध्ये काय असतं, हे विचारते. लोक खोटं बोलत नाहीत. विचारलं तेवढंच सांगतात.

शेवटच्या तपासणीला कासव आलं ते हळदकुंकू लावूनच. मी सवयीने फाइल उघडली.

"ऊन, काकू?"

"मला विचारू नकोस," काकू म्हणाल्या. "येऊन बघ."