दात बघून घेतलेला रेडिओ

आमच्या घरात बैल घ्यायचा असो, हंडा घ्यायचा असो की सून आणायची असो, पारख करायला थोरले चुलतेच जायचे. हा मान त्यांना कुणी दिलेला नव्हता. त्यांनी तो स्वतःच घेतला होता, आणि परत मागायची कुणाची छाती नव्हती. बैलबाजार भरला की पटका बांधून निघायचे, बैलाचा जबडा उघडून दात बघायचे, वशिंडावर थाप मारायचे आणि उपरण्याखाली दलालाच्या हातात हात घालून बोटांनी भाव करायचे. त्यांनी पसंत केलेले बैल दिसायला मोठे देखणे असत. कामाला कसे असत ते माझ्या वडिलांना विचारावं, कारण नांगर वडील धरायचे.

अशाच एका देखण्या बैलापायी आईचं माहेर तुटलं होतं. माझा मामा ताम्हिणीकडं राहायचा. त्याच्या दावणीला एक पांढराशुभ्र बैल होता, त्याच्यावर चुलत्यांचा डोळा गेला. मामानं सांगून पाहिलं, "पाव्हणं, ह्यो चिखलात बसतोय. दिसन्यावर जाऊ नगा." चुलत्यांना वाटलं, द्यायचा नाही म्हणून खोट काढतोय. बैल आणला. पहिल्याच दिवशी तो भाताच्या खाचरात जो बसला तो शेपूट पिरगाळली, तोंडावर पाणी मारलं, तरी उठला नाही. गंमत बघायला सगळा गाव बांधावर जमला. आपली पारख चुकली असं म्हणण्यापेक्षा मामानं फसवलं असं म्हणणं चुलत्यांना सोपं गेलं. त्या दिवसापासून मामाकडं येणं-जाणं बंद झालं. बैल बसला चुलत्यांचा आणि भोगलं आईनं.

तीन वर्षं अशी गेली. मग एकदा ताम्हिणीकडचा एक हिरडेवाला दारावरनं जाताना सांगून गेला, की मामाच्या भजनाला पुण्याच्या रेडिओवर बोलावलंय, दिवाळीनंतरच्या पहिल्या सोमवारी, सांजच्या गावकऱ्यांच्या कार्यक्रमात. आई भाकरी थापत होती. तिचा हात परातीत तसाच राहिला. मामाचा आवाज गोड होता, आणि लहानपणी त्याला भजनं आईनंच शिकवली होती. त्या रात्री ती वडिलांना एवढंच म्हणाली, "म्हायेराला जाऊ देत न्हाईत त्ये ऱ्हाऊ द्या. आवाज तरी ऐकू द्या."

गावात रेडिओ नव्हता. शेजारच्या गावच्या सरपंचाकडं होता, पण तिथं बायकांना कोण बसू देतं? तेव्हा वडिलांनी जन्मात पहिल्यांदा थोडी लबाडी केली. मामाचं नाव न काढता थोरल्या भावाला सांगितलं, की रेडिओवर तांदळाचे बाजारभाव सांगतात, आणि त्या सरपंचाकडं रेडिओ आहे. बाजारभावाचं चुलत्यांनी ऐकलंच नाही. सरपंचाचं मात्र बरोबर लागलं.

पैसे बेताचेच होते. वडिलांच्या मनात लहानसा, सेलवर चालणारा ट्रान्झिस्टर घ्यायचं होतं, आणि तो त्यात बसतही होता. पण पारख करायला कोण येणार हे ठरलेलंच. माझा कान फुटला होता, तो पुण्यात डॉक्टरला दाखवायचा म्हणून मलाही एसटीत घातलं. चुलते म्हणाले, "बरंच झालं. पोरीचा कान बरा झाला का न्हाई त्ये दुकानातच कळंल."

दुकानदारानं आधी ट्रान्झिस्टर काढला. चुलत्यांनी तो एका हातानं उचलला, हलवून पाहिला आणि टेबलावर ठेवून दिला. "ह्ये काय करडू हाय व्हय? अंगात काय हाय ह्याच्या?" मग त्यांची नजर मागच्या फळीवर गेली. तिथं लाकडी पेटीतला एक मोठा रेडिओ होता. चकचकीत पॉलिश, पुढं सोनेरी कापड, आणि सुरू झाला की कपाळावर एक हिरवा डोळा उघडायचा. लहान रेडिओंची टूम निघाल्यापासून हे थोराड खोंड दुकानात पडून होतं, म्हणून दुकानदार त्यावर भरपूर सूट द्यायला तयार होता.

दुकानदारानं तो खाली काढून सुरू केला, तशी चुलत्यांनी त्याच्याभोवती फेरी मारली. पाठीवर थाप मारली. दोन्ही हातांनी उचलून पाहिला आणि वजन चांगलं निघालं म्हणून मान डोलावली. मागच्या जाळीतून आत काचेच्या नळ्या ओळीनं पेटलेल्या दिसत होत्या. वाकून त्या निरखल्या आणि वडिलांकडं वळून हळूच म्हणाले, "दात सारखं हायेत."

मग खांद्यावरचं उपरणं काढून त्यांनी दुकानदाराच्या हातावर टाकलं आणि त्याखाली आपला हात घातला. दुकानदार दचकून मागं सरकला. "अहो, हे काय करताय? किंमत चिठ्ठीवर लिहिलीय, सूट तोंडी सांगितलीय. आणखी काय हवंय?" चुलते जरा खट्टू झाले. भर बाजारात भाव ओरडून सांगणारा माणूस त्यांना अडाणी वाटला.

दुकानदार अडाणी नव्हता, आणि लबाडही नव्हता. पैसे हातात घेण्याआधी त्यानं सरळ विचारलं, "तुमच्याकडं वीज आहे ना? हा विजेवर चालतो. नसेल तर लहानच घ्या."

आता धरण उशाला आणि कोरड घशाला ही म्हण आमच्यासाठीच कुणी केली असावी. आमची जुनी शेतं मुळशीच्या धरणात बुडाली. ते पाणी घाटाखाली कोकणात सोडतात, तिथं त्याची वीज होते आणि ती मुंबईला जाते. गावात आम्ही रॉकेलच्या चिमण्यांवर डोळे फोडत होतो. पण हे पुण्याच्या दुकानदारासमोर कबूल करायचं? चुलते ताठ झाले आणि म्हणाले, "लाईट? मालक, मुळशीचं धरान ठावं हाय का? समद्या मुंबैला लाईट आमीच देतुया!"

दुकानदारानं हात जोडले आणि रेडिओ बांधायला घेतला. वडील जमिनीकडं बघत उभे होते. चारचौघांत थोरल्या भावाचा शब्द खाली पडू द्यायचा नसतो, अशी आमच्याकडची रीत. या रीतीनं आमच्यातली किती घरं बुडवली याचा हिशेब कुणी ठेवलेला नाही. येताना एसटीत रेडिओला खिडकीजवळची जागा मिळाली आणि मी कानात कापूस घालून पौडापर्यंत उभी राहिले.

घरी आल्यावर रेडिओला हळदकुंकू वाहिलं, झेंडूची माळ घातली. आईचा चेहरा उजळला होता. तिनं त्याच्या सोनेरी कापडावरून हात फिरवला, तेव्हा मागं लोंबणारी वायर तिला दिसली. तिनं वडिलांकडं पाहिलं. वडील उठून बैलांना वैरण टाकायला गेले. दुकानात काय काय झालं ते मग मीच तिला सांगितलं.

चुलत्यांनी मात्र धीर सोडला नव्हता. धरणावर त्यांच्या ओळखीचा एक माणूस कामाला होता. "त्याला म्हनतो, एक तार आमच्याकडं सोड. पानी आपलं हाय, न्हाई कसा म्हनंल?" ते गेले. त्या भल्या माणसानं चहा पाजला, सुपारी दिली आणि हसून वाटेला लावलं. मधल्या काळात पोस्टातून रेडिओचा परवाना मात्र काढून झाला होता. बोलणाऱ्या रेडिओला परवाना लागतो हे मला समजायचं. आमच्या मुक्याला कशाला, ते अजून कळलेलं नाही.

तो सोमवार आला. नवा रेडिओ आलाय हे गावभर झालेलं, त्यामुळं दिवेलागणीला ओसरी भरली. अंधारात रेडिओ दिसेना, म्हणून कुणीतरी त्याच्या डोक्यावर कंदील ठेवला. चुलते बटणं पिळत होते. "गरम व्हाया येळ लागतुया," असं त्यांनी दोनदा सांगितलं. लोक गंभीरपणे बसून राहिले, कारण न बोलणारी यंत्रं आम्ही फारशी पाहिली नव्हती आणि बोलणारीही नव्हती. शेवटी मागून एक म्हातारा म्हणाला, "बसला वाटतं ह्यो बी." मग ओसरी खदखदून हसली.

आई दाराआड उभी होती. पुण्यात आता तिचा भाऊ गात असणार, आणि आपल्यापर्यंत त्यातलं अक्षर पोचणार नाही, हे तिला कळलं होतं. मला चुलत्यांचा असा संताप आला, की तो कंदील उचलून त्या हिरव्या डोळ्यावर आपटावासा वाटला. तेवढ्यात आई उंबरा ओलांडून बाहेर आली. डोक्यावरचा पदर तिनं सारखा केला. मोठ्या दिरासमोर तिनं तोंड उघडलेलं मी त्याआधी कधी पाहिलं नव्हतं.

"भावजी," ती म्हणाली, "माज्या भावानं सांगितलं हुतं, बैल बसतोय. त्या दुकानदारानं बी इचारलं हुतं, लाईट हाय का. आता त्याच्या घरी बी येनं-जानं बंद करा. मी उद्या म्हायेरी चाल्ले."

चुलत्यांनी वडिलांकडं पाहिलं, हिला आवर अशा नजरेनं. वडील हळूच म्हणाले, "जाऊ द्या, दादा." चारचौघांत थोरल्या भावाचा शब्द त्यांनी खाली पाडला, तो एवढाच.

दुसऱ्या दिवशी दुपारी आम्ही मामाच्या अंगणात होतो. तो नुकताच पुण्याहून परतला होता. आईला बघून हातातला तांब्या खाली ठेवून तो पुढं आला.

"ऐकलंस का काल?" त्यानं पहिलं हेच विचारलं.

"न्हाई. रेडिओ घेतलाय, पर त्यो लाईटीवर चालतो. लाईट न्हाई आमच्यात."

"मग लाईटीचा रेडिओ कशापायी घेतला?"

"भावजींनी दात बघून घेतला," आई म्हणाली, आणि दोघं हसत सुटली. हसता हसता आई रडायला लागली. मग मामानं सगळी भजनं तिच्यासमोर बसून पुन्हा म्हटली. एका ठिकाणी तो चुकला, तिथं आईनं त्याला थांबवून नीट म्हणायला लावलं.

आठवड्यानं आम्ही परत आलो. चुलते ओसरीवर रेडिओशेजारी बसले होते. माळ सुकली होती, पण काढलेली नव्हती. आई आत निघाली तेव्हा तिच्याकडं न बघता त्यांनी विचारलं, "काय गायला त्यो?"

"लाईट आली म्हंजी ऐका, भावजी," आई म्हणाली आणि चुलीकडं गेली.

पुढं मामा आमच्याकडं कितीदा येऊन राहिला, त्याच ओसरीवर झोपला. "म्हण की एकदा," एवढं म्हणायला चुलत्यांची जीभ कधी वळली नाही. गावात विजेचे खांब आले तेव्हा रेडिओ जागेवर होता. चुलते त्याच्या आदल्या वर्षीच गेले.