कुणाची आवणी

ठकी आशाताई आहे, पाड्याची आरोग्य स्वयंसेविका. बोईसरच्या पूर्वेला, डोंगराच्या कुशीतल्या तिच्या पाड्यावर बायका तारखा सांगत नाहीत. पाळी कधी चुकली, असं विचारलं की भाताच्या रोपांसाठी राब भाजला तेव्हा, आवणी उरकली तेव्हा, असं सांगतात. आवणी म्हणजे भाताची लावणी. त्यावरून ठकी दिवस मोजते आणि वहीत लिहिते. अकरा वर्षं.

तीन वर्षांपूर्वी शालू म्हणाली होती, "आवणी उरकली, मंग पाळी नाय आली."

ठकीने पाड्याची आवणी धरली. पण शालू त्या वर्षी आधी शिरगावकडे मजुरीला गेली होती. तिथे विहिरीच्या पाण्यावर रोपं लवकर होतात, आवणी महिनाभर आधी उरकते. शालू सांगत होती ती तिकडची.

आरोग्य केंद्राजवळ माहेरघर आहे. दिवस भरत आलेल्या बायका तिथे आधीच जाऊन राहतात. ठकीच्या वहीप्रमाणे शालूला तिथे जायला अजून तीन आठवडे होते, आणि मोहाची फुलं वेचताना तिला कळा सुरू झाल्या. तिला नेणारी जीप उतारावर असतानाच शालू गेली. पोटातलं मूलही.

जीप उशिरा आली, असं पाडा म्हणाला. ठकीही तेच म्हणाली.

तेव्हापासून शालू ठकीला दिसते, पण भुतासारखं काही करत नाही. झाडावर बसत नाही, हाक मारत नाही. ठकी ज्या पोटुशीच्या घरी जाते, तिच्या शेजारी ती फक्त बसलेली असते आणि उत्तर द्यायला तोंड उघडते. मग ठकी घाईने त्या पोटुशीला विचारते, "कुणाची आवणी?"

या चैत्रात ती शालूच्याच घरी गेली. शालूची धाकटी जाऊ प्रियंका अंगणात मोह वाळत घालत होती. पाय सुजलेले.

"आते, हिला आज माहेरघरात न्यायला पायजे," ठकी प्रियंकाच्या सासूला, सोमीला म्हणाली.

सोमी हसली. "आज? आवणीपासून मोज की बोटांवर. महिना हाय अजून. मोह काय तू वेचशील?"

"ही शिरगावला होती तवा. तिकडची आवणी धरायची. आठ दिवस उरलेत."

"लय शानी झालीस ठके. शालूच्या टायमाला आमच्याच आवणीवरून मोजलंस ना? तवा बरी चालली तुला आमची आवणी."

प्रियंकाने मोहाचा हात पदराला पुसला. कुणाकडे बघावं, तिला कळेना.

ठकी खाली बसली.

"तवाच चुकलं, आते. शालूपण शिरगावलाच होती. मी इचारलंच नाय. जीप टायमावरच आली. मीच महिना चुकवला."



"माझ्या दारात बसून रडलीस तू," सोमी म्हणाली. "मी तुला च्या पाजला."

"हां."

"माझा पोरगा नवशा त्या जीपवाल्याला मारायला गेलता."

ठकीने मान वर केली नाही. सोमी आत गेली. भांडी आपटल्याचा आवाज आला, मग पत्र्याची पेटी उघडल्याचा. ती बाहेर आली ती प्रियंकाचं लुगडं आणि गोधडी घेऊन.

"जीप बोलाव. तू बसू नको तिच्यात."

"ताई नाय येणार?" प्रियंकाने विचारलं.

"नाय."

जीप गेल्यावर ठकी चालत निघाली. दोन तासांनी माहेरघरापाशी पोचली. खिडकीतून दिसलं, प्रियंका खाटेवर आडवी होती आणि सोमी तिचे पाय दाबत होती. सोमीने ठकीला पाहिलं आणि पाठ फिरवली. ठकी पायरीवर टेकली.

आत नर्स विचारत होती, "शेवटची पाळी कधीची, आजी?"

सोमीने दाराकडे बोट केलं.

"ती भायेर बसलीय," ती म्हणाली, "तिला इचारा."