मानाच्या क्रमाने घेतलेलं रक्त

हिंदी मुलखातल्या बूढ़ापारा वस्तीत एकसष्ट घरांचा एक मराठी समाज आहे. पणजोबांच्या काळी ही माणसं विदर्भातून रेल्वेच्या कामावर आली आणि इथलीच झाली. पोरं आता आईलाही हिंदीत उत्तर देतात, पण लग्न म्हटलं की सगळ्यांचं घोडं याच एकसष्ट घरांत फिरतं. सिकलसेल या रक्ताच्या आनुवंशिक आजारावर संशोधन करणाऱ्या डॉक्टर कौमुदी म्हणाल्या, समुद्र नसला तरी हे बेटच आहे, मला इथल्या प्रत्येकाचं रक्त हवं. त्यासाठी त्यांनी विनोदिनीला गाठलं.

विनोदिनी याच समाजाची. इस्पितळाच्या लॅबमधून नुकतीच निवृत्त झालेली, हात हलका आणि जीभ गोड. घरोघर जाऊन ती सांगायची, नाव कपाटात कुलूपबंद राहील, कागदावर फक्त नंबर, आणि नको वाटलं तर कधीही नाव मागे घ्या. लोकांनी डॉक्टरांवर नाही, तिच्यावर भरवसा ठेवला.

आता या समाजाचा रुसवा म्हणजे महाकठीण. लग्नाचं बोलावणं कोणत्या घरी आधी जायचं, कोणत्या घरी नंतर, हे तीन पिढ्यांपासून ठरलेलं. शेंबड्या पोरालाही तो क्रम पाठ. एखादं घर ओलांडलं तर वर्षभर अबोला. म्हणून विनोदिनीने रक्तही त्याच क्रमाने घेतलं आणि नंबरही तसेच टाकले, आधी घराचा, मग माणसाचा. घरात आधी वडीलधारे, मग धाकटे. ज्या नऊ घरांनी दार लावून घेतलं, त्यांचे नंबर तिने मोकळे ठेवले. कोणी रुसलं नाही, याचं तिला केवढं कौतुक वाटलं होतं!

तेविसावं घर हरिदासकाकांचं. काका नाही म्हणत होते, विधवा सून विजया घाबरत होती. तिची मुलगी ईरा पुढे आली आणि म्हणाली, विनोदिनीकाकू आहे ना, मग काय भ्यायचं. मग घरातल्या तिघांनीही रक्त दिलं. ईराचं लग्न चाळिसाव्या घरातल्या आशयशी ठरलं होतं. आशयच्या घराने रक्त दिलं नव्हतं.

वर्षाने समाजाच्या सभागृहात डॉक्टरांनी भिंतीवर तक्ता दाखवला. नावं नाहीत, फक्त नंबर, आणि ज्यांच्या रक्तात दोष होता त्यांच्यापुढे लाल ठिपका. त्या समजावून सांगत होत्या की ठिपकेवाला माणूस ठणठणीत असतो, फक्त नवरा-नवरी दोघंही ठिपकेवाले असतील तर मुलांना आजार होऊ शकतो, म्हणून त्यांनी लग्नाआधी विचार करावा. ऐकत कोण होतं? विनोदिनीने सहज मागे पाहिलं. बायकांचे अंगठे बोटांच्या पेरांवर सरकत होते. पहिलं घर, दुसरं घर, तिसरं. तिने वळून तक्त्यावर तेविसावं घर शोधलं. तेवीसपुढे तीन नंबर होते आणि ठिपका तिसऱ्यापुढे, ईराच्या नंबरापुढे होता.

चौथ्या दिवशी हरिदासकाकांकडे आशयच्या वडिलांचा निरोप आला, की हे लग्न नको, आमच्या घरी असलं काही नाही, आम्हाला माफ करा. त्यांच्या घरी काय आहे हे देवालाच ठाऊक, पण आता समाजात तीच नऊ घरं शुद्ध ठरली. मूर्खपणाला औषध नसतं, आणि हा मूर्खपणा विनोदिनीनेच त्यांच्या हातात दिला होता. डॉक्टरांनी सगळे नंबर बदलले. हे आपल्याला आधीच सुचायला हवं होतं, याची विनोदिनीला लाज वाटली.

त्याच आठवड्यात ईरा आली. रडली नाही, बसलीही नाही.

"काकू, नाव मागे घेता येते म्हणे."

विनोदिनी कशीबशी म्हणाली, "हव. मी आजच फॉर्म भरते. तुयं रक्तही फेकून देतील."

"अन् लोकाइच्या डोक्यातून?"

विनोदिनीने फॉर्म काढला. ईराने उभ्या उभ्याच सही केली आणि आल्या पावली निघून गेली.